महानगरांतील बालक आणि त्याचें गांव

मुंबईच्या एखाद्या मोठ्या स्थानकांत सकाळची गाडी येऊन थांबते. उतारूंची दाटी हळूहळू ओसरते, हमाल ओझीं घेऊन निघून जातात, आणि फलाटाच्या टोकाशीं पाण्याच्या नळाजवळ दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिलेला दिसतो. त्याच्यापाशीं सामान नाहीं, तिकीट नाहीं, आणि त्याला न्यावयास कोणीही आलेलें नाहीं. हजारों माणसें त्याच्या शेजारून जातात. त्यांपैकीं त्याची पहिली विचारपूस कोण करतो, यावर त्याच्या पुढील आयुष्याची दिशा अवलंबून असते. तो विचारणारा सज्जन असेल अथवा मुलांच्या श्रमांवर पोट भरणारा दलाल असेल. मुलाला त्या दोघांतील भेद कळण्याचें वय नसतें.

महानगरांतील निराधार मुलांचा विषय निघाला कीं बहुतेकांचें बोट महानगराकडे वळतें. तेथील झोपड्या, तेथील व्यसनें, तेथील निष्ठुरता यांचें वर्णन करून माणसें मोकळीं होतात. परंतु हा मुलगा फलाटावर जन्मलेला नसतो. त्याला गांव असतें, शाळेच्या हजेरीपटावर नांव असतें, आणि बहुधा आईही असते. म्हणून महानगरांतील बालकाच्या हिताचा विचार महानगराच्या वेशीवर सुरू करून भागत नाहीं. तो त्याच्या गांवापासून सुरू केला पाहिजे.

उदाहरणासाठीं वऱ्हाडांतील वाशीम जिल्हा घ्यावा. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला. वाशीम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. शेती बव्हंशीं पावसावर अवलंबून. सोयाबीन, तूर व कापूस हीं मुख्य पिकें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें २००६ सालीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास मदत जाहीर केली, त्यांत वाशीमचें नांव होतें. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान. त्या भागांत तांड्यांची वस्ती मोठी. खरिपाचा हंगाम संपला कीं पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं बाहेर पडतात; कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर.

अशा गांवांतून दोन प्रकारचीं मुलें महानगरांत पोंचतात. कांहीं आईबापांबरोबर जातात, कांहीं आईबापांवांचून. पहिल्यांच्या हालांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, कारण तीं हरवलेलीं नसतात. आई घमेलीं वाहते; तान्हें मूल वाळूच्या ढिगाशेजारीं साडीच्या झोळींत निजतें, आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याला झोका देते. १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्याप्रमाणें, जेथें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असत तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर ठेवणें बंधनकारक होतें. पण लहान कामांवर पन्नास स्त्रिया कधींच भरत नसत, आणि झोका देणाऱ्या बहिणीनें तर सहा वर्षांची मर्यादा ओलांडलेली असते. तिच्यासाठीं दुसरा कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वयें, दाखला येण्यास उशीर झाला या सबबीवर कोणत्याही सरकारी शाळेस तिला प्रवेश नाकारतां येत नाहीं. तिला तिच्या वयाला साजेशा वर्गांत बसविलें पाहिजे. आईबाप तिला मागें ठेवण्यास तयार असतील तर गांवीं हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. मात्र शिक्षकानें बिऱ्हाड हलण्यापूर्वीं घरीं जाऊन चौकशी केली तरच या सोयी उपयोगी पडतात. ट्रक निघून गेल्यावर हजेरीपटावर गैरहजेरी मांडल्यानें कांहींच साधत नाहीं.

दुसऱ्या प्रकारचीं मुलें एकटीं निघतात. बापाचें व्यसन, घरांतला मार, परीक्षेंतलें अपयश, कर्जानें खचलेलें घर, कधीं केवळ मुंबई पाहण्याची ओढ, अशीं तीं कारणें असतात. मुंबईला या मुलांची ओळख फार जुनी आहे. १८५७ सालीं तेथें डेव्हिड ससून यांच्या नांवाचें सुधारगृह निघालें. मुंबई इलाख्यांत १९२४ मध्यें मुलांविषयींचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२७ मध्यें चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचीं उमरखाडी व मानखुर्द येथील बालगृहें पुढें सर्वांच्या परिचयाचीं झालीं. १९९६ मध्यें टाटा समाजविज्ञान संस्थेंतून संकटांतील मुलांसाठीं दूरध्वनीची सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १०९८. 'दहा, नऊ, आठ' असा उलट्या मोजणीसारखा तो उच्चारतात, त्यामुळें लहान मुलाच्याही ध्यानांत राहतो. २०२३ पासून ही सेवा राज्य सरकारांकडे आली. क्रमांक तोच राहिला. या सर्व वाटचालींत एक पालट महत्त्वाचा आहे. आरंभीं रस्त्यावरचें मूल हें वळण लावण्याजोगें उनाड पोर समजलें जाई. पुढें तें दयेस पात्र ठरलें. आज कायदा त्याला संरक्षणाचा हक्कदार मानतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें असें मूल सांपडल्यापासून चोवीस तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढें आलें पाहिजे. ही समिती प्रत्येक जिल्ह्यांत असावी लागते. म्हणजे मुंबईंत आहे तशी वाशीमलाही. त्याच कायद्याचें दुसरें तत्त्व असें कीं, संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय. मुलाची खरी जागा कुटुंबांत.

पण येथेंच खरी कसोटी लागते. मुलाला गाडींत बसवून घरीं पोंचविलें कीं काम संपलें, असें मानणें सोपें आहे. मार खाऊन पळालेल्या मुलाला चौकशी न करतां त्याच हातांत परत देणें म्हणजे त्याला पुढच्या गाडीची वाट दाखविण्यासारखेंच होय. मुंबईच्या समितीनें वाशीमच्या समितीकडे विचारणा करावी, वाशीमहून कोणी तरी त्या तांड्यावर जावें, घरच्यांशीं बोलावें, शेजाऱ्यांना व शिक्षकांना विचारावें, आणि मुलाला स्वतःला काय वाटतें तें ऐकून घ्यावें, हें सर्व झाल्यावरच परतीची गाडी सुटावी. बाप गेलेला असेल, आई एकटी असेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेंतून दरमहा मदत मिळते. २०२३ मध्यें ती १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यांत आली. कित्येक घरांत मूल राहील कीं जाईल, हें एवढ्या रकमेवर ठरूं शकतें. अशा आईला त्या योजनेचा अर्ज भरून देणें हें मुंबईच्या फलाटावरील मुलाचेंच काम आहे.

गांवच्या बालसंरक्षण समितींत सरपंच असतात, अंगणवाडी सेविका असतात. कोणत्या घरांत चूल थंड आहे, कोणाचा मुलगा दोन रात्री देवळांत निजला, कोणती मुलगी चार दिवस शाळेला आली नाहीं, हें त्यांना मुंबईच्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या आधीं कळतें. ही माहिती चावडीवरच्या गप्पांत विरून न जातां समितीच्या बैठकींत आली, आणि दुसऱ्या दिवशीं कोणी त्या घराचें दार वाजविलें, तर पुष्कळ मुलें त्या गाडींत चढणारच नाहींत.

फलाटावरच्या मुलाला भला माणूस प्रथम एवढेंच विचारतो, "बाळ, तुझें गांव कोणतें?" मुलगा बहुधा खरें उत्तर देतो. त्याचें नांव घेऊन विचारणा आली म्हणजे गांवानें, "होय, तो आमचा आहे," असें म्हणावें, आणि त्याला परत घेण्यापूर्वीं तो कां गेला होता हेंही विचारावें.