चष्म्याचा नंबर आणि विवेकाची दृष्टी
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन आचारधर्मात ईर्यासमितीला मोठे स्थान आहे. पुढची सुमारे चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकावे, पायाखाली सूक्ष्म जीवाचीही हिंसा होऊ नये, हा तिचा आशय. म्हणजेच नेत्र हे अहिंसापालनाचेही साधन होय. अशा नेत्रांवरील उपचारांत घाई नसावी, हेच आजच्या विषयाचे सार आहे.

लग्न ठरण्याआधी मुलीचा चष्मा गेला पाहिजे, असा आग्रह अनेक घरांत दिसतो. लेसरसाठी धावपळ होते, आणि तपासणीनंतर डॉक्टरांनी नकार दिला की घरावर निराशेचे सावट पसरते. वास्तविक असा नकार देणारे डॉक्टर हितकर्तेच असतात. लेसरने डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, काही भाग कमी करून त्याची वक्रता बदलली जाते. हे पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. ते मुळात पातळ असेल, शंकूसारखे पुढे येत असेल, डोळे फार कोरडे असतील किंवा नंबर अद्याप स्थिरावला नसेल, तर लेसर टाळणेच इष्ट. कापड फाडण्यापूर्वी गज दोनदा लावावा. कॉर्नियाचा काढलेला भाग तर पुन्हा जोडता येत नाही.

मग पर्याय कोणते? ते पारखण्याची एक सोपी कसोटी आहे : या वाटेवरून परत फिरता येते काय?

पहिला पर्याय चष्मा. तो डोळ्याला स्पर्श न करता काम करतो आणि नंबर बदलला की काच बदलता येते. दुसरा कॉन्टॅक्ट लेन्सचा. झेक शास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ साली घरीच, खेळण्यातील सुट्या भागांच्या यंत्रावर मऊ लेन्स तयार केल्या. लेन्स केव्हाही काढता येते. मात्र नळाच्या पाण्याने धुणे किंवा ती घालून झोपणे यांतून होणारा जंतुसंसर्ग दृष्टीच हिरावू शकतो. तिसरा ऑर्थोकेराटोलॉजीचा. यात खास बनविलेली कडक लेन्स रात्री घालून कॉर्नियाला तात्पुरता आकार दिला जातो व दिवसा चष्म्याविना दिसते. वापर थांबविला की नंबर परततो. येथेही स्वच्छतेची शिस्त कठोर हवी.

चौथा पर्याय डोळ्यात बसवावयाच्या लेन्सचा, अर्थात आयसीएलचा. अमेरिकेत तिला २००५ साली मान्यता मिळाली. मूळ भिंग जागेवर ठेवून त्याच्या पुढे ही लेन्स बसवितात. मोठ्या नंबरासाठी ती उपयुक्त ठरते आणि गरज पडल्यास काढता येते. तरीही ती शस्त्रक्रियाच आहे : डोळ्यात पुरेशी जागा लागते, तसेच मोतीबिंदू व दाब वाढण्याची शक्यता राहते. पाचवा पर्याय मूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविण्याचा. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूसाठी आरंभिलेली ही वाट प्रौढांना सोयीची ठरू शकते. परंतु तरुणाने ती धरल्यास जवळ-दूर पाहण्याची नैसर्गिक लवचिकता कायमची जाते.

व्यायामाने चष्मा उतरविण्याच्या जाहिरातींना भुलू नये. लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. मुलांना रोज उघड्यावर खेळू द्यावे, त्याने लघुदृष्टी जडण्याची शक्यता कमी होते.

आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. लेसरने नंबर गेला तरी लांबलेला डोळा तसाच राहतो, म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी पडद्याची तपासणी नियमित करावी. दुसरे, वाचनाच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ हे नाव उगाच पडलेले नाही. दूरचा नंबर पूर्ण घालविलेल्यांनाही पुढे स्वाध्यायाच्या वेळी ती बहुधा लावावी लागते.

अनेकांत सांगतो की एकच मार्ग सर्वांना लागू पडत नाही. कोणता उपाय योग्य, हे त्या डोळ्याच्या मोजमापावरून ठरावे. विवाहाच्या मुहूर्तावरून नव्हे. आणि समाजाने चष्मा लावणाऱ्या मुलीकडे उणेपणाने पाहणे सोडले, तर कित्येक शस्त्रक्रियांची गरजच उरणार नाही.

जय जिनेंद्र.