पाठवणी झाली, पुढचं बोलू



 

तंत्रज्ञानातल्या स्त्रियांची सभा म्हटली की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली कमला सोहोनींची. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग एक वर्ष पारखून पाहू, अशा अटींवर त्यांना आत घेतलं गेलं. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. दुसरी गोष्ट सुधा मूर्तींची. १९७४ च्या सुमाराला टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मलाही आवडतात. पण आज मी त्यांच्या आधाराने बोलणार नाही. नोबेल मिळालेल्या माणसासमोर ठाण मांडून बसायची हिंमत प्रत्येकीत असेलच, असं धरून चालता येत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीची किंवा मोहाडीची पोरगी धीट असते, पण तिला नोकरी हवी असते, लढाई नको असते. लढल्याशिवाय जे मिळत नाही, ते सर्वांना मिळालं असं म्हणताच येत नाही.

म्हणून साध्या सोयींबद्दल बोलू.

मुलीला शिकायला पाठवायची सोय आपल्याकडे बऱ्यापैकी झाली आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करते. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन भरतं. केंद्राची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला पन्नास हजार देते. साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शहापूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नागपूर तर हाकेच्या अंतरावर. माझ्या वेळी यातलं निम्मंही नव्हतं. अर्थात, शुल्कमाफीचा आदेश असूनही प्रवेशाच्या खिडकीवर आधी पैसे भरा, मग बघू, असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. खानावळ, खोलीभाडं आणि लॅपटॉप यांची बेरीज शुल्काच्या पलीकडे जाते ती वेगळीच. तरी दिशा बरोबर आहे. यावर जास्त वेळ घालवत नाही.

पोरगी शिकते, कॅम्पसमध्ये निवड होते, पेढे वाटले जातात. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेस येते, घरचे सगळे डब्यापर्यंत जातात. गाडी पुण्याच्या दिशेने निघाली की घरच्यांना वाटतं, सुटलो. शासनालाही वाटतं, कॉलेजलाही वाटतं. कॉलेजच्या फलकावर तिचा फोटो लागतो. पाच वर्षांनी ती कुठे आहे, नोकरीत आहे की नाही, हे त्या फलकाला कोणी विचारत नाही.

देशाच्या आयटी उद्योगात साधारण तिसरा हिस्सा बाया आहेत. इतर कारखानदारीच्या मानाने हा आकडा चांगला, म्हणून त्याचं कौतुकही होतं. पण तो हिस्सा बहुतेक खालच्या पायऱ्यांवर असतो. वर चढावं तसा तो पातळ होत जातो. तो पातळ कुठे होतो, हे मला कोणत्याही अहवालाशिवाय सांगता येतं, कारण मी त्याच जिन्यावर होते. पहिलं ठिकाण लग्न. स्थळ पाहताना 'मुलगी इंजिनीअर हवी' म्हणतात, आणि ठरल्यावर 'नोकरी आमच्या मुलाच्या गावात बघा' म्हणतात. दुसरं ठिकाण बाळंतपण. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. कायदा चांगला आहे. मात्र रजेचा पूर्ण खर्च मालकाच्या माथी आहे. त्यामुळे मुलाखतीत लग्नाबद्दल थेट विचारत नाहीत, 'पुढच्या दोन वर्षांचं काय ठरवलंय?' असं विचारतात. मी रजेवरून परतले तेव्हा माझा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला होता. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'यंदा दिसली नाही' या एका ओळीवर माझी श्रेणी उतरवली होती. त्या कंपनीचं नाव घेत नाही. इथे बसलेल्या निम्म्या जणींना ते आपल्याच कंपनीचं वाटेल.

तिसरं ठिकाण रात्र. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात बीपीओत कामाला निघालेल्या एका तरुण मुलीला, कंपनीने ठरवलेल्या गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार यांनीच मारलं. तेव्हापासून गाडी, सुरक्षारक्षक, नोंदवही यांची चर्चा सुरू झाली. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि तिच्या संरक्षणाची, येण्याजाण्याची व्यवस्था, दोन्ही मालकावर आली. आता आपल्या बाजूने पाहा. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. भंडाऱ्याहून रोज अपडाऊन करणाऱ्या मुली मला माहीत आहेत. कंपनीची गाडी बहुतेक ठिकाणी शहराच्या हद्दीपर्यंतच सोडते. हद्दीच्या अलीकडे ती कर्मचारी असते, पलीकडे बापाची पोर. मग बाप रात्री मोटारसायकल घेऊन महामार्गावर उभा राहतो. त्या बापाला या व्यवस्थेत पगार नाही, पण तिची नोकरी त्याच्यावर चालते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. विशाखा निकाल त्याच्याही आधीचा, १९९७ चा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, हे मोठ्या कंपन्यांत तरी भिंतीवर लावलेलं असतं. पण आपल्या जिल्ह्यात तंत्रज्ञानाचं काम कोण करतं? संगणक प्रशिक्षण केंद्रातली शिक्षिका, सेवा केंद्रात दाखले काढून देणारी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसणारी. तिथे एकूण माणसं चार. अशांसाठी कायद्याने जिल्ह्याला स्थानिक समिती दिली आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. आपल्या जिल्ह्याच्या समितीचं कार्यालय कुठे आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा. ...बरं. मोजले. या विषयावर मला आणखी बोलायची गरज नाही.

आता घरून कामाबद्दल. माझं खरं म्हणणं इथे आहे.

करोनात पुण्या-बंगळुरूच्या मुली गावी परतल्या आणि 'घरून काम' ही नवी सोय आली म्हणून सगळे हरखले. भंडाऱ्याला ती नवी कशी असेल? आपल्या आज्यांनी जन्मभर घरूनच काम केलं. सपरीत बसायचं, मांडीवर सूप. तेंदूची पानं भिजवायची, मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड दुमडायचं. भावाचा हिशोब हजारावर. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल न्यायचा. तो हात फिरवून काही बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. छाटाचे पैसे मिळायचे नाहीत, आणि छाट परतही मिळायचा नाही. कामगार म्हणून नाव नोंदवायचं तर पुष्कळदा घरच्या पुरुषाचं. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. १९७६ मध्ये कल्याण निधी आला. ओळखपत्र हातात पडायला त्यापुढेही बरीच वर्षं गेली. शहापूरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते मनोहरभाई पटेल बिडी व्यवसायातलेच. म्हणजे आज इथे बसलेल्या काही जणींच्या पदवीत कुणा बाईने वळलेल्या बिडीचा वाटा आहे, असं मी म्हटलं तर ते अगदीच वावगं होणार नाही.

हे आठवण्याचं कारण असं. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी हजारो माणसं आज चित्रांतल्या गाड्यांभोवती चौकटी काढतात, आवाज ऐकून लिहून देतात, वाक्यं वाचून दाखवतात. मोबदला नगावर. काम 'नापास' झालं तर पैसे नाहीत, आणि नापास का झालं हे सांगायला समोर कोणी माणूस नाही. ठेकेदाराशी निदान भांडता तरी येत होतं. चांगली उदाहरणंही आहेत. 'कार्या' नावाच्या संस्थेसाठी पुण्याच्या खराडीत बायांनी फोनवर मराठी गोष्टी वाचून दिल्या आणि त्यांना त्याचा चांगला मोबदला मिळाला. उद्या यंत्राला आपली झाडीबोली शिकवायची वेळ येईल. तो आवाज लाखांदूरची बाई देईल. त्याचा दर कोण ठरवणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांना जागा मिळाली आहे. बिडीच्या बाईला जेवढी वाट पाहावी लागली तेवढी हिला लागू नये, एवढी दक्षता आपण घेऊ शकतो.

घरून काम करणारीची गोष्ट मात्र नगावर काम करणाऱ्यांपुरती नाही. साकोली तालुक्यातली एक मैत्रीण एका परदेशी बँकेच्या प्रणालीची चाचणी करते. पगार चांगला. नेटवर्क गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येतं, म्हणून टेबल तिथे, वर ताडपत्री. रोवणीच्या दिवसांत घरात धडधाकट बाई खुर्चीवर बसलेली दिसली की सासूचा जीव कासावीस होतो. "दिवसभर बसूनच तं असते बाई, थोडे तांदूळ तं निवडून दे." मैत्रीण तांदूळ निवडते. माइक बंद ठेवून, कॅमेऱ्याच्या खाली सूप धरून. तिच्या साहेबाला वाटतं ती टिपणं काढते आहे.

ही फजिती आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली नावाच्या बाईने सहा पौंडांच्या भांडवलावर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. लहानपणी नाझींपासून वाचण्यासाठी आगगाडीने इंग्लंडला पाठवलेल्या मुलांपैकी ती एक. लग्नानंतर, लेकरं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायांना तिने घरबसल्या काम दिलं. पहिल्या तीनशे जणांत पुरुष तीन. पत्रांना उत्तरं येईनात म्हणून ती 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करू लागली. ग्राहकाचा फोन आला की बाळाचं रडणं झाकायला टंकलेखनाच्या आवाजाची टेप लावायची. त्याच बायांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग केलं. पुढे कंपनीची मालकीही तिने कामगारांत वाटली. मला तिच्या टेपपेक्षा तिने केलेली व्यवस्था मोलाची वाटते. घरून काम करणारी बाई तिच्याकडे उपकारावर नव्हती. आपल्याकडे टाटा समूहाने २००८ मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी दुसऱ्या करिअरची योजना आणली, त्यामागेही हाच विचार होता. अशा योजना मुंबई-पुण्याच्या बाहेर फार आल्या नाहीत.

आणि एका बाईचं नाव या परिषदेच्या निमंत्रणात नाही, ते मी इथे घेते. अंगणवाडी सेविका. २०२१ मध्ये त्यांच्यासाठी 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. इंग्रजीत माहिती भरायची सक्ती आणि हातात तापणारे, अडकणारे सरकारी फोन. राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन मोर्चे काढून परत केले. त्यांना तंत्रज्ञान जमत नाही, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते: रोज वापरणाऱ्या हजारो जणींनी एकच दोष नोंदवला, तर दोष त्यांच्यात नसतो. एवढी मोठी आणि एवढी प्रामाणिक चाचणी कुठल्याही कंपनीला फुकटात मिळत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यातली एक या मंचावर असावी.

संयोजकांनी ठरावांचा मसुदा दिला आहे. त्यात 'महिलांचा सन्मान' तीनदा आहे आणि गाडी एकदाही नाही. माझी सुचवण अशी. मिहानमधल्या कंपन्यांनी भंडाऱ्यापर्यंत गाडी द्यावी, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लेखी करू. खंड पडलेल्या मैत्रिणींसाठी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळा सुटीच्या दिवशी उघड्या राहाव्यात. शिकवायला आपण आहोत, किल्ली तेवढी हवी. ज्या गावातून घरून काम चालतं तिथल्या ग्रामपंचायतीत नेटवर्क आणि अखंड वीज असलेली एक खोली मिळावी, म्हणजे गच्चीवरची ताडपत्री उतरेल आणि सासूबाईंनाही दिसेल की सून कामाला गेली आहे. स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन आपण छापून प्रत्येक सेवा केंद्रात लावू. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, चार पानं कागद लागतो. नगावर काम देणाऱ्यांनी नाकारलेल्या कामाचं कारण मराठीत कळवावं, हेही त्यात घाला.

कार्यक्रमपत्रिकेत ठरावांचं सत्र संध्याकाळी पाचला दाखवलंय. पवनी आणि लाखांदूरकडच्या मैत्रिणींना तोवर बसस्थानक गाठायचं असतं, म्हणजे हात वर करायला त्या नसतीलच. ठराव जेवणाआधी घ्या. सत्कार नंतर करा, ते नाही झाले तरी चालेल.