शाखा कशासाठी?
(नाशिक शाखेच्या स्थापना-सभेतील अध्यक्षीय भाषण)



ज्या नगरीत १८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले, ज्या नगरीतील १९४२च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आचार्य अत्र्यांनी भूषविले आणि ज्या नगरीने २०२१च्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाचे स्वागत केले, त्या नगरीत एखाद्या सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारताना मनावर त्या परंपरेचे दडपण येते, आणि ते यावे हेच योग्य आहे. आपण मला हा मान दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभाराचा हा विधी मी एवढ्यावरच आवरता घेतो, कारण मला जे सांगावयाचे आहे ते माझ्या मनात बरीच वर्षे साचून राहिले आहे.

संस्थांच्या माहिती-तंत्रज्ञानाची जबाबदारी ज्यांच्या शिरावर आहे अशा व्यक्तींचा आपला संघ आज नाशिकात आपली शाखा उघडीत आहे. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियासारखी जुनी आणि मान्यवर संस्था असताना आणि तिची शाखा याच शहरात असताना हा नवा संसार कशासाठी, असा प्रश्न मला गेल्या महिन्याभरात अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तत्त्वाच्या भाषेत देण्यापेक्षा माझ्या आयुष्यातील एका प्रसंगाने देणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी या जिल्ह्यातील एका सहकारी संस्थेत संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभाग हा शब्द दप्तरातला; प्रत्यक्षात मी, डेटा एन्ट्रीचे काम करणाऱ्या दोघी आणि एक शिपाई, एवढाच आमचा सरंजाम होता. रोज सायंकाळी दिवसभराच्या जमाखर्चाची नक्कल चुंबकीय टेपेवर उतरवायची, ती टेप तिजोरीत ठेवायची, आणि एका वहीत तारीख, वेळ व सही घालायची, असा शिरस्ता मी स्वतः घालून दिला होता आणि तो एक दिवसही चुकू दिला नव्हता. मार्चअखेरचे हिशेब चालू असताना एके सकाळी यंत्राची डिस्क बंद पडली. मी निर्धास्त मनाने तिजोरी उघडली, आदल्या रात्रीची टेप लावली, आणि ती वाचली जाईना. त्याच्या आदल्या दिवसाचीही नाही, आणि महिन्यापूर्वीचीही नाही. टेप लिहिणाऱ्या यंत्राचे मुख कित्येक महिन्यांपासून मळून निकामी झाले होते. टेपा फिरत होत्या, वहीत सह्या पडत होत्या, पण लिहिलेले परत वाचून पाहावे हे मला कधी सुचले नव्हते. पुढचे नऊ दिवस संस्थेतील सगळे कारकून व्हाउचरे आणि हाताने लिहिलेली कीर्द समोर ठेवून साऱ्या नोंदी पुन्हा भरीत बसले. त्या नऊ दिवसांत ज्याला फोन करून ‘तुम्ही अशा वेळी काय केलेत?’ असे विचारावे, असा एकही माणूस मला नाशिकात ठाऊक नव्हता. यंत्र पुरविणाऱ्यांचा इंजिनिअर मुंबईहून यायला दोन दिवस लागले, आणि त्याला यंत्र कळत असले तरी मार्चअखेर कळत नव्हती.

पुढल्या वर्षी पंचवटीत एका लग्नात अंबडच्या एका कारखान्यातील माझ्यासारख्याच पदावरील गृहस्थांची गाठ पडली. बोलता बोलता निघाले, की माझ्या आधी चौदा महिने त्यांच्यावर नेमका हाच प्रसंग, नेमक्या याच कारणाने, येऊन गेला होता, आणि व्यवस्थापनाचा हुकूम असल्यामुळे तो त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. त्यांच्या आणि माझ्या टेबलांमध्ये जेमतेम सहा मैलांचे अंतर होते. ते एक वाक्य वेळेवर माझ्या कानावर पडते, तर ते नऊ दिवस टळले असते. मी त्यांना दोष देत नाही. मीही माझी हकीगत त्यानंतर किती तरी वर्षे गिळूनच बसलो होतो.

ही शाखा हवी आहे ती या सहा मैलांसाठी. संगणकशास्त्राचे अध्ययन, विद्यार्थ्यांना उत्तेजन, व्याख्याने, परिषदा ही कामे इतर संस्था करीतच आहेत आणि ती त्यांनीच करावीत. आपले काम त्याहून अरुंद, आणि माझ्या मते अधिक अवघड आहे. ज्याच्या सहीने यंत्र खरेदी होते, ज्याच्या शब्दावर संचालक मंडळ विसंबते आणि यंत्र बंद पडले की मध्यरात्री ज्याचा फोन वाजतो, तो माणूस आपल्या संस्थेत एकटा असतो. त्याच्या वरच्यांना त्याचे काम समजत नाही आणि हाताखालच्यांना त्याची काळजी सांगता येत नाही. अशा एकट्या माणसांना एकत्र बसता यावे आणि आपले चुकलेले एकमेकांस सांगता यावे, एवढ्याचसाठी हा खटाटोप आहे.

हा विचार काही नवा नव्हे. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजलिसच्या परिसरात आय. बी. एम. कंपनीचे ७०४ हे यंत्र घेणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन ‘शेअर’ नावाचे मंडळ काढले. त्यांत बहुतेक विमाने बांधणारे कारखाने होते, आणि लष्करी कंत्राटांसाठी ते एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. तरीही प्रत्येकाने तेच प्राथमिक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहीत बसण्यात सर्वांचेच द्रव्य आणि आयुष्य वाया जाते, हे ओळखून त्यांनी आपापले काम एकमेकांस वाटून दिले. आपल्या देशातही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि कानपूरच्या आय. आय. टी.त संगणक येऊन पुरते स्थिरावतात न स्थिरावतात तोच ते वापरणाऱ्यांचा गट १९६४ साली जमला, आणि पुढल्याच वर्षी त्यातून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया जन्मास आली, प्रा. आर. नरसिंहन हे तिचे पहिले अध्यक्ष. म्हणजे जिला आज आपण एक मोठी विद्वत्संस्था म्हणून ओळखतो, तिचे मूळही यंत्र वापरणाऱ्यांच्या रोजच्या अडचणींतच आहे.

परंतु लॉस एंजलिसपर्यंत जाण्याचे कारण तरी काय? आपल्या जिल्ह्यातले द्राक्ष बागाईतदार हे कार्य कित्येक दशके करीत आले आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी हा रोग कोणत्या प्लॉटवर आला, कोणती फवारणी वाया गेली, थिनिंगला उशीर झाल्याने घड कसे बिघडले, हे पिंपळगावचा बागाईतदार दिंडोरीच्या बागाईतदाराला बांधावर उभा राहून सांगतो, आणि दोघेही एकाच बाजारात माल विकणारे असतात. त्यांच्या संघाचा नाशिक विभाग भरवीत असलेल्या चर्चासत्रांत मी अनेकदा श्रोता म्हणून बसलो आहे, आणि दरवेळी मला आपल्या व्यवसायाची लाज वाटली आहे. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा या लोकांनी ती नामुष्की झाकून ठेवली नाही. बागेची नोंदणी, नमुन्याची प्रयोगशाळेतील तपासणी आणि निर्यातीचा प्रत्येक टप्पा एका सूत्रात ओवणारी ‘ग्रेपनेट’ ही केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात-विकास संस्थेची संगणकीय व्यवस्था त्यांनी अधिक काटेकोरपणे अंगवळणी पाडली. घड कोणत्या बागेतला, हे पेटीवरून सांगता येणे ही माहिती-तंत्रज्ञानाची थोर करामत आहे, आणि ती या जिल्ह्यात शेतकऱ्याने पेलली आहे. सभागृहाची मागली रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी असे कोणी सुचविले होते. माझी विनंती अशी, की त्यांनी पुढे यावे आणि शाखेचे सभासदच व्हावे.

कोणी म्हणेल, शेतातला रोग आणि संगणकातला रोग यांत फरक आहे. पहिला सांगितल्याने पत जात नाही, दुसरा सांगितल्याने जाते. ही हरकत मी हलकी मानीत नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला, त्यात दोनतीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली आणि अनेक देशांतील ए. टी. एम. यंत्रांतून पैसे काढले गेले. त्या प्रसंगाची चर्चा जाहीर झाली म्हणून महाराष्ट्रातील शेकडो नागरी बँकांनी आपापली दारे-कुलपे तपासली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. एप्रिल २०२२मध्ये निघालेल्या आदेशाने तर असा प्रसंग घडल्यास सहा तासांच्या आत केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेस वर्दी देणे बंधनकारक झाले आहे. सहा तास! ज्या कारखान्यात या विषयाचा जाणता माणूस एकच आहे आणि तो त्या दिवशी गावी गेला आहे, तिथे या सहा तासांत वर्दी कोणी लिहायची, कोणत्या शब्दांत लिहायची आणि तोवर कोणती वायर काढायची? सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहतींत असे कारखाने मोजता येणार नाहीत इतके आहेत. ओझरचा विमानांचा कारखाना किंवा नाशिकरोडची मुद्रणालये यांच्यापाशी स्वतःचा फौजफाटा आहे. लहानांपाशी शेजाऱ्यावाचून दुसरे कोणी नाही.

या शहरावर आणखी एक जबाबदारी आहे, जी दुसऱ्या कोणत्या शाखेवर क्वचितच असेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. २०१५च्या सिंहस्थापूर्वी नाशिकचेच सुपुत्र, एम. आय. टी.तील प्राध्यापक रमेश रासकर यांनी ‘कुंभथॉन’च्या निमित्ताने तरुणांना गर्दी, आरोग्य, निवारा या प्रश्नांना भिडविले, आणि आपल्या गावातल्या मुलांनी त्यांवर उपकरणे घडवून दाखविली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२७चा सिंहस्थ दाराशी आहे. त्यात उभारल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांची, संदेशवाहनाची आणि गर्दी मोजणाऱ्या यंत्रणांची कंत्राटे कोणाला मिळतील याच्याशी शाखेचा संबंध नसावा. पण ती यंत्रणा अमावास्येच्या पहाटे अडली तर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहणारे दहा जाणते लोक कोण, याची यादी प्रशासनाला देण्याचे काम या शाखेने अवश्य अंगावर घ्यावे.

आता व्यवस्थेविषयी थोडेसे. माल विकणाऱ्या कंपन्यांनी जेवण द्यावे आणि त्या बदल्यात तासभर आपल्या मालाची स्तुती करावी, हा प्रघात अनेक ठिकाणी रूढ आहे. तो इथे शिरू देऊ नये, आणि चहाचा खर्च वर्गणीतूनच व्हावा. बैठकीत सांगितलेली हकीगत बाहेर जाता कामा नये, हा नियम घटनेच्या पहिल्या कलमात असावा, कारण त्यावाचून बाकीची कलमे निरर्थक आहेत. सत्कार-समारंभ वर्षातून एकदाच.

आणि बैठका मराठीत व्हाव्यात. ‘सर्व्हर’, ‘बॅकअप’, ‘पासवर्ड’ हे शब्द येतील तसे येऊ द्या, त्यांना प्रतिशब्द शोधीत बसण्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांनी ‘जमाखर्च’, ‘दप्तर’ आणि ‘जबाबदारी’ हे शब्द फारसीतून घेतले आणि त्यांवर राज्ये चालविली. माझा आग्रह वाक्याविषयी आहे. परक्या भाषेत माणूस आपले यश उत्तम सांगू शकतो. आपली चूक मात्र त्याला घरच्या भाषेतच नीट सांगता येते, हा माझा अनुभव आहे. मालेगावच्या यंत्रमागवाल्यांकडे किंवा लासलगावच्या बाजार समितीत संगणक सांभाळणारा तरुण इंग्रजीच्या धाकाने गप्प बसला, तर आपण त्याला गमावलेच, शिवाय त्याच्यापाशी जे आहे तेही गमावले.

शाखेची पहिली नियमित बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी ठरली आहे. चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा मी माझे टेपांचे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कबूल केले आहे. ती सह्यांची वही मी इतकी वर्षे जपून ठेवली आहे. ती घेऊन येईन. अंबडचे ते गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत. काल सायंकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो, आणि माझ्यामागून आपली हकीगत सांगण्याचे त्यांनी कबूल केले आहे.