अकरा वाजल्यानंतरची वाहिनी



या व्याख्यानमालेची पत्रिका छापायला गेली तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला फोन करून अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, विषय मंडपात चालेल ना?" काल इथे ज्ञानेश्वरीवर ऐकलंत, उद्या पाटपाण्यावर ऐकणार आहात, आणि मधल्या दिवशी मी 'मेन अँड मोटर्स' नावाच्या ब्रिटिश वाहिनीवर बोलणार. त्यांची काळजी रास्त होती. पहिल्या रांगेतल्या आजींना मी आधीच सांगून ठेवतो, लाज वाटावी असं मी काही बोलणार नाही. लाज वाटण्यासारखं जे आहे ते पैशाच्या हिशोबात आहे.

ही वाहिनी १ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झाली आणि १ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. आयुष्य साडेतेरा वर्षांचं. बंद झाल्यावर कुणी मोर्चा काढला नाही की अग्रलेखातून गळा काढला नाही. मग तिच्यावर तासभर का बोलायचं? एक वाहिनी कशी जन्मते आणि कशी मरते, हे मोठ्या वाहिन्यांपेक्षा अशा फुटकळ वाहिनीत जास्त स्वच्छ दिसतं, म्हणून.

तिला जन्म देणारी कंपनी मात्र फुटकळ नव्हती. मँचेस्टरची ग्रॅनडा. 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका तिने १९६० साली सुरू केली, ती अजून चालू आहे. आपल्याकडच्या मालिका लांबतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'द ज्युएल इन द क्राउन' ही १९८४ची मालिका तिचीच. पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून केलेली, राज्य सोडून निघालेल्या इंग्रजांची गोष्ट. तिच्या चित्रीकरणासाठी ही मंडळी उदयपूर, म्हैसूर, सिमल्यापर्यंत आली होती. तर अशा खानदानी घरातून, बारा वर्षांनंतर, मेन अँड मोटर्स. घराणं तेच, दिवस बदललेले.

काय बदललं होतं? १९८९ साली रुपर्ट मर्डोकच्या स्कायने घरांच्या भिंतींवर उपग्रहाच्या थाळ्या चढवल्या. १९९२ पासून इंग्लिश प्रीमियर लीगचा फुटबॉल थेट पाहायचा तर स्कायकडे पैसे भरणं भाग झालं. अँटेनावर तोवर चारच वाहिन्या होत्या, पाचवी आली ती १९९७ साली. थाळीवर मात्र जागाच जागा, आणि ती भरायला माल हवा. ग्रॅनडाने स्कायशी भागीदारी केली आणि एकाच वेळी चार वाहिन्या काढल्या. ग्रॅनडा प्लसवर जुन्या मालिका, गुड लाइफवर घर-बगीचा-स्वयंपाक, टॉक टीव्हीवर गप्पा, आणि चौथी ही पुरुषांची.

तिला स्वतःचं घरही नव्हतं. दिवसभर ग्रॅनडा प्लस चाले, रात्री अकरा वाजता तिचं दुकान बंद होई आणि त्याच जागेवर मेन अँड मोटर्स उघडे, मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत. कोकणातल्या जुन्या घराची ओसरी डोळ्यांपुढे आणा. दुपारी तिथे बायका पापड लाटतात, आणि रात्री जेवणं उरकली की त्याच ओसरीवर पत्त्यांचा डाव बसतो. जागा तीच, माणसं वेगळी, आवाज वेगळा. ही ओसरी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

दाखवत काय होते? नावात आहे तेच. मोटारी, मोटारसायकली, सेकंडहँड गाडी घेताना काय तपासावं, असे कार्यक्रम. भांडवल म्हणाल तर एक गाडी, तिच्याबद्दल बोलणारा एक माणूस आणि कुठला तरी ओला इंग्लिश रस्ता. रात्र चढली की मोटारी कमी आणि तोकड्या कपड्यांतल्या बायका जास्त. पुढे पुढे तो भाग कमी केला, पण नाव एकदा झालं ते झालं. मला विचाराल तर मोटारींचा अर्धा भाग निरुपद्रवी होता आणि त्यानंतरचा अर्धा कंटाळवाणा. अश्लीलतेपेक्षा कंटाळा हा तिचा मोठा गुन्हा.

पण १९९६ हे साल नीट पाहायला हवं. त्या काळात इंग्लंडमध्ये 'लॅड' हा शब्द जोरात होता. लॅड म्हणजे पोरगा. पण इथे अर्थ असा, की तीस वर्षांचा बाप्या जो पोरगाच राहायचं ठरवतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. बिअर, फुटबॉल, गाड्या, पोरींवरचे विनोद, आणि कुणी हटकलंच तर "अहो, गंमत केली". १९९४ साली 'लोडेड' मासिक निघालं. शहाण्यासारखं वागायला हवं हे कळूनही तसं न वागणाऱ्या पुरुषांसाठी आपण आहोत, असं ते मुखपृष्ठावरच सांगे. 'एफएचएम' या तसल्याच मासिकाचा खप त्या दशकाच्या अखेरीस सात लाखांवर गेला. १९९६च्या जूनमध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धा इंग्लंडमध्येच झाली, यजमान उपांत्य सामन्यात जर्मनीकडून पेनल्टीवर हरले, आणि सगळा देश एकत्र बसून हळहळला. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत ही वाहिनी आली. मुहूर्त चुकला होता असं कुणी म्हणणार नाही.

आता या 'मेन'मधला पुरुष कोण, ते पाहू. तो कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, गिरणीतला कामगार असा हाडामासाचा माणूस नव्हे. तो जाहिरातदाराच्या तक्त्यातला एक रकाना आहे: वय १६ ते ३४, लिंग पुरुष. हा रकाना टीव्ही कमी पाहतो. संध्याकाळी घरात नसतो, असला तर मालिकांना बसत नाही. पण बिअर, दाढीची पाती, मोटार आणि व्हिडिओ गेम तोच विकत घेतो. जो सापडत नाही त्याचा भाव जास्त. वाहिनी त्याला काय दाखवते हे दुय्यम. त्याला धरून जाहिरातदारापुढे उभं करणं हा धंदा. आपल्याकडे 'पुरुषांसाठी' अशी पाटी लावून वाहिनी काढायची गरज कुणाला वाटली नाही. रिमोट त्याच्याच हातात होता, निदान सात वाजेपर्यंत.

हा रकाना धरायला मग गर्दी झाली. 'ब्राव्हो' नावाची वाहिनी १९८५ सालची, सुरुवातीला जुने कृष्णधवल चित्रपट आणि मालिका दाखवणारी. नव्वदीत तीही पुरुषांची झाली: फुटबॉलमधले गुंड, पोलिसांच्या धाडी, कुस्त्या. २००७ साली 'नट्स' साप्ताहिकाने स्वतःची वाहिनी काढली, ती दोन वर्षंही धड टिकली नाही. त्याच वर्षी 'यूकेटीव्ही जी टू' या वाहिनीचं नाव बदलून 'डेव्ह' ठेवलं गेलं. कारण काय, तर डेव्ह नावाचा एक तरी गडी प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. आपल्याकडे वाहिनीला 'पक्या' म्हणण्यासारखंच हे. मालही बराचसा बीबीसीचा, पुन्हा दाखवलेला. पण डेव्ह चालली आणि आजही चालू आहे, आता 'यू अँड डेव्ह' या नावाने. तिने पुरुषाच्या शरीरावर नाही, त्याच्या विनोदबुद्धीवर पैसे लावले. विनोद ऐकायला बायकाही बसतात, हा हिशोब मेन अँड मोटर्सला कधी जमला नाही.

मोटारींच्या बाबतीत तर तिच्या पायाखालची सतरंजीच ओढली गेली. २००२ साली बीबीसीने 'टॉप गिअर' नव्याने आणलं, जेरेमी क्लार्कसन आणि मंडळींसह. तोच विषय, तीच टवाळी, पण हाताशी बीबीसीचा पैसा. मग रात्री अकरा वाजता ओल्या रस्त्यावरची सेकंडहँड गाडी पाहायला कोण बसणार? आणि उरलेला, रात्रीचा माल तोवर इंटरनेटवर फुकट मिळू लागला होता.

स्त्रियांच्या चळवळीने असल्या वाहिन्या बंद पाडल्या, असं एक मत मधूनमधून ऐकू येतं. ते खरं असतं तर मला आनंद झाला असता. पण 'द सन' या वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावरच्या उघड्या छायाचित्रांविरुद्धची मोठी मोहीम सुरू झाली २०१२ साली, म्हणजे मेन अँड मोटर्स गेल्यावर दोन वर्षांनी. नट्स साप्ताहिक २०१४ साली बंद झालं, लोडेड आणि एफएचएमचे छापील अंक त्याच्या मागोमाग. वाहिनी या सगळ्यांच्या आधी गेली. तिच्या मरणाचं कारण नैतिक नव्हतं.

कारण जागेचं होतं. ओसरीकडे आलो आपण. उपग्रहावरची जागा भाड्याची असते आणि मोजकी असते. वाहिनी म्हणजे कार्यक्रम असं आपण समजतो. मालकाच्या लेखी वाहिनी म्हणजे पत्ता. २००४ साली ग्रॅनडा आणि कार्लटन या दोन कंपन्या एक होऊन आयटीव्ही कंपनी झाली, आणि तिने त्याच वर्षी ग्रॅनडा प्लस बंद करून त्या जागी आयटीव्ही थ्री बसवली. गुड लाइफ नाव बदलून 'ब्रीझ' झाली आणि २००२ सालीच संपली. टॉक टीव्हीला तर पहिला वाढदिवसही लाभला नाही. चार भावंडांतलं हे एकच उरलं होतं. मग मंदी आली. २००८ सालासाठी आयटीव्हीने २७० कोटी पौंडांच्या आसपास तोटा दाखवला. त्यातला बहुतेक मालमत्तेची किंमत उतरवल्याचा, कागदावरचा. पण कागदावरच्या तोट्यानेही नोकऱ्या जातात. त्यात एचडीचा जमाना सुरू झालेला. एका एचडी वाहिनीला साध्या वाहिनीच्या कितीतरी पट जागा लागते, आणि २०१०च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक होता.

१ एप्रिल २०१० रोजी मेन अँड मोटर्स बंद. २ एप्रिलला आयटीव्ही वन एचडी सुरू. ब्राव्होचंही तसंच झालं. त्याच वर्षी स्कायने व्हर्जिन मीडियाच्या वाहिन्या, ब्राव्होसकट, १६ कोटी पौंडांना घेतल्या आणि १ जानेवारी २०११ रोजी ब्राव्होला कुलूप लावलं. विकत घेतलेल्या घरातली नको असलेली खोली पाडावी, तसं.

आता १२ जून २०१०. रुस्टेनबर्गला इंग्लंडचा पहिला सामना, अमेरिकेशी. ज्या रकान्यासाठी एवढी धडपड चालली होती तो सगळा रकाना, बापासकट आणि पोरासकट, त्या संध्याकाळी टीव्हीपुढे हजर. ज्यांनी नवे महागडे संच घेतले होते त्यांनी आयटीव्ही वन एचडी लावलं होतं. चौथ्याच मिनिटाला इंग्लंडचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड चेंडू घेऊन पुढे सरकला, आणि एचडीच्या पडद्यावर एकाएकी मोटारीची जाहिरात लागली. चूक प्रक्षेपणातली. चित्र परतलं तेव्हा गोल होऊन गेला होता आणि खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

साधी वाहिनी लावून बसलेल्यांना तो गोल दिसला.