पूर्व आफ्रिकेतील विद्यापीठांची इंटरनेट जोडणी

मुंबईलाही जोडणारी ‘सीकॉम’ ही समुद्राखालील केबल जुलै 2009 मध्ये मोंबासा आणि दार-एस-सलाम येथे कार्यान्वित होईपर्यंत पूर्व आफ्रिकेतील विद्यापीठे परदेशी इंटरनेटसाठी प्रामुख्याने उपग्रहांवर विसंबून होती. हे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास निदान अर्धा सेकंद लागे, आणि बँडविड्थ, म्हणजे ठरावीक वेळात वाहू शकणारी माहिती, इतकी महाग व अपुरी असे की एखादा शोधनिबंध उतरवून घेणे हीदेखील संशोधकाच्या चिकाटीची परीक्षा ठरे.

केबल किनाऱ्याला लागली, तरी मलावीसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या देशाला ती क्षमता शेजाऱ्यांच्या भूमीतून आणावी लागते. अशा वेळी विद्यापीठांनी एकत्र येऊन उभारलेली संशोधन-शिक्षण जाळी, उदाहरणार्थ केनियातील 1999 साली स्थापन झालेले ‘केनेट’, बँडविड्थ घाऊक दराने घेऊन सदस्यांना पुरवतात. ‘उबुंटूनेट अलायन्स’ ही संघटना अशी राष्ट्रीय जाळी परस्परांना जोडते, त्यामुळे शेजारच्या देशात जाणारा संदेश युरोपमार्गे नेण्याचा द्राविडी प्राणायाम टळू शकतो.

तथापि विद्यापीठाच्या आवारातील अंतर्गत जाळे जुनाट असेल, किंवा वीज गेल्यावर राउटर बंद पडत असेल, तर दारापर्यंत आलेला प्रकाशतंतू प्रयोगशाळेतील संशोधकाच्या फारसा कामी येत नाही.