तिसरा हात

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



समुपदेशक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या आणि त्यांमधले संभाषण उभे राहते. परंतु ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलायचेच नाही, त्याने काय करावे? घर मोडलेले, शाळेने बाहेर काढलेले आठ-दहा वर्षांचे मूल परक्या माणसापुढे आपले मन उघडे करील, ही अपेक्षाच भाबडी आहे. अशा मुलांपुढे रंग, कुंचला आणि माती ठेवून शांतपणे शेजारी बसणाऱ्या एका विदुषीचा आज परिचय करून घ्यायचा आहे. त्यांचे नाव ईडिथ क्रेमर.

त्यांचा जन्म १९१६ साली व्हिएन्नात झाला. १९३८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात यंत्रावर काम केले आणि फावल्या वेळात तेथील कामगारांची चित्रेही काढली. १९५० पासून सात वर्षे त्या विल्टविक नावाच्या निवासी शाळेत होत्या. आठ ते तेरा वर्षांची, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतून आलेली, मारामाऱ्या आणि चोऱ्यांपर्यंत पोहोचलेली मुले तेथे ठेवली जात. या अनुभवावरचा त्यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि कलोपचार या शास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते.

क्रेमरबाईंनी मुलांच्या हातून रंगांचे काय काय होते, याचे पाच प्रकार सांगितले आहेत. कोणी रंग नुसते फासून पाहतो, मातीचे गोळे करतो. कोणी संतापाने सगळे फेकतो, फाडतो. कोणी शब्दांऐवजी खुणेचे चित्र काढून निरोप पोहोचवतो. एक प्रकार आपल्या परिचयाचा आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचे झाड! महाराष्ट्रातले कोणते घर या चित्रावाचून राहिले आहे? आपण कौतुकाने ते भिंतीला लावतो. क्रेमरबाईंच्या दृष्टीने असे ठोकळेबाज चित्र पुष्कळदा चिलखत असते. आतले काही बाहेर दिसू नये, म्हणून घातलेले. ते ओरबाडून काढायचे नसते. मुलाला सुरक्षित वाटू लागले की ते आपोआप सैल होते आणि मग कधीतरी पाचव्या प्रकारचे, खऱ्या अर्थाने त्याचे स्वतःचे असे चित्र उमटते. संतापाला तेथे आकार मिळालेला असतो. वाघ काढणारा मुलगा त्या वेळी कोणाला चावत नाही. वाघाचे दात नीट कसे काढावेत, या विवंचनेत तो गढलेला असतो.

मग समुपदेशकाचे काम कोणते? क्रेमरबाई त्याला ‘तिसरा हात’ म्हणत. मातीच्या घोड्याचे पाय वाकू लागले तर आतून आधार कसा द्यावा, हवी ती छटा कशी मिसळावी, एवढेच त्या हाताने करायचे. घोडा मात्र मुलाचाच राहिला पाहिजे. हे दिसते तितके सोपे नाही. आपल्याकडे पालकांचा हात मुलाच्या चित्रात किती सहज शिरतो, हे वेगळे सांगायला नको. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, अशी चित्रावरून कुंडली मांडण्याची घाईही हल्ली फार दिसते. चित्र पूर्ण होऊ देणे हाच उपचाराचा गाभा, ही क्रेमरबाईंची धारणा होती. अर्थ लावणे त्यांनी दुय्यम मानले.

ही दृष्टी त्यांना गुरूकडून लाभली. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस हे त्यांचे नाव. बाउहाउस या विख्यात कलाशाळेच्या त्या विद्यार्थिनी. १९३० च्या दशकात त्या प्रागला आल्या, पाठोपाठ तरुण ईडिथही आल्या. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना फ्रीडल चित्रकला शिकवीत आणि ईडिथ हाताखाली मदत करीत. पुढे शिष्या अमेरिकेस गेली, गुरू मागे राहिल्या.

डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल यांना पतीसह तेरेझिनच्या ज्यू छावणीत धाडण्यात आले. सोबत मोजकेच सामान नेण्याची मुभा होती. त्यात त्यांनी चित्रकलेचे साहित्य भरले. ते संपल्यावर कचेरीचे जुने छापील कागद, वेष्टनाचे कागद, हाती येईल त्यावर वर्ग चालला. आईबापांपासून तोडलेली, भुकेली मुले तेथे फुले, खेळणी, आपली घरे काढीत. प्रत्येकाने आपल्या चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा बाईंचा आग्रह असे. १९४४ च्या शरदात पतीला छावणीतून हलविण्यात आले, तेव्हा त्यांच्यामागे जाण्यासाठी फ्रीडल यांनी आपण होऊन नाव दिले. त्या ऑक्टोबरात ऑशविट्झ येथे त्यांची हत्या झाली. पती वाचले.

जाण्यापूर्वी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून त्यांनी छावणीतच लपविली होती. युद्धानंतर ती प्रागला पोहोचली. त्यांतली बहुतेक मुले परतली नाहीत. चित्रे आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत, आणि कोपऱ्यात लिहिलेल्या नावांमुळे कोणते चित्र कोणाचे, हे अजून सांगता येते.