पडद्यावरची शाळा आणि मंडळाची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘वेब ॲप्लिकेशन तयार करण्याचे घरबसल्या मिळणारे शिक्षण’ हा विषय चिटणीसबाईंनी मला नेमून दिला, तेव्हा काही जणींनी विचारले, की फराळाच्या मागण्या, भिशी आणि वाचनालय यांत रमणाऱ्या आपल्या मंडळाचा ह्या विषयाशी संबंध काय? माझे उत्तर असे, की संबंध आपल्या वाचनालयाच्या वहीशीच आहे. म्हणून आरंभ तेथूनच करते.

देवघेवीच्या वहीत आपण काय करतो? सभासद येते, पुस्तक मागते. वाचनालय सांभाळणाऱ्या ताई नियम पाहतात: एका वेळी दोनच पुस्तके, मुदत पंधरा दिवस, पुढे दंड. मग त्या वहीत नोंद करतात. म्हणजे विचारणे, नियम लावणे आणि नोंद ठेवणे ही तीन कामे झाली. वेब ॲप्लिकेशन म्हणजे हीच तीन कामे, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी वाटून दिलेली. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर चौकटी दिसतात, त्यांत आपण नाव लिहितो, बटण दाबतो. हे झाले विचारणे. ती मागणी इंटरनेटवरून दूरच्या एका संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. तो नियम लावतो. आणि त्याच्याजवळची जी वही, तिला डेटाबेस म्हणतात. रेल्वेचे तिकीट काढणे, विजेचे बिल भरणे ही कामे आपण फोनवर करतो, ती ह्याच रीतीने चालतात. जी जागा नुसती माहिती दाखवते ती फळ्यावरची सूचना होय. जेथे आपण काही लिहितो आणि पलीकडून हिशेब होऊन उत्तर येते, ते ॲप्लिकेशन.

पडद्यावर जे दिसते ते तीन भाषांतून तयार होते. एचटीएमएल ही घराची चौकट: येथे मथळा, येथे परिच्छेद, येथे नाव लिहिण्याची जागा. सीएसएस म्हणजे रंगरंगोटी आणि मांडणी. जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते: फोन नंबरात नऊच आकडे लिहिले तर तेथल्या तेथे टोकते. पलीकडचे नियम लिहिण्यास पायथॉनसारखी एखादी भाषा लागते आणि वहीत शोधाशोध करण्यास एसक्यूएल. नावे परकी आहेत, परंतु त्यांतील विचार परका नाही. आपल्या वहीत एखाद्या काकूंचा पत्ता त्यांनी पुस्तक नेले तितक्या वेळा लिहिला असेल, तर त्यांनी बिऱ्हाड बदलल्यावर तो सगळीकडे खोडावा लागेल. म्हणून डेटाबेसमध्ये सभासदांचा तक्ता वेगळा, पुस्तकांचा वेगळा आणि देवघेवीचा वेगळा ठेवतात. पत्ता एकदाच लिहायचा. बाकी ठिकाणी सभासद क्रमांक पुरतो. जिने घरखर्चाची वही नीट ठेवली आहे, तिला हे समजावून सांगावे लागत नाही.

ही विद्या मुळात पुरुषांची, असा एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. १९४६ साली अमेरिकेत एनिअ‍ॅक नावाचा प्रचंड संगणक लोकांपुढे आला, तेव्हा त्याच्याकडून गणित करवून घेण्याची मांडणी सहा स्त्रियांनी केली होती. माणसाने सोप्या खुणांत लिहावे आणि त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर यंत्रानेच करावे, ही वाट १९५२ साली ग्रेस हॉपर या बाईंनी दाखविली. पुढे १९८९ साली युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, आणि १९९३ साली त्या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. ह्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. वेबवर काही उभारायचे तर परवाना काढावा लागत नाही की कोणाला पट्टी द्यावी लागत नाही. एक साधा संगणक, त्यावरचा ब्राउझर आणि मजकूर लिहिण्याचा एखादा फुकट मिळणारा एडिटर एवढ्यावर आरंभ होतो.

आता शिकावे कोठे? मुंबईच्या आयआयटीने चालविलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आपल्यासारख्यांना फार सोयीचा आहे. त्याचे पाठ सुमारे दहा मिनिटांचे असतात आणि अनेक पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. शिकण्याची त्यांनी सांगितलेली रीत मोलाची आहे: पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला आपले काम. ते एक ओळ लिहितात, आपण पाठ थांबवायचा, तीच ओळ आपण लिहायची, आणि परिणाम जुळला की पुढे जायचे. दुसरे ठिकाण ‘फ्रीकोडकॅम्प’. २०१४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ह्या धर्मादाय संस्थेचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण त्याला एक पैसाही पडत नाही. पडद्याच्या मांडणीच्या प्रमाणपत्रासाठी तेथे बरीच वर्षे पाच कामे करून दाखवावी लागत: माहिती भरून घेण्याचा अर्ज, एखाद्या व्यक्तीच्या गौरवाचे पान, माहितीपुस्तिकेचे पान, विक्रीच्या वस्तूचे पान आणि स्वतःच्या कामाचे दालन. पाहिलेल्या पाठांची संख्या मोजून प्रमाणपत्र मिळत नसे. केलेले काम तपासले जाई.

मैत्रिणींनो, ह्या शिक्षणाचे मर्म येथेच आहे. पुरणपोळी लाटताना पाहिली म्हणून कोणाला पुरणपोळी येत नाही. पोळी फुटते, पुरण बाहेर येते, तेव्हा कणीक किती सैल हवी ते हाताला कळते. संगणकाचेही तसेच. जावास्क्रिप्टमध्ये एक कंस मिटायचा राहिला तर काम अडते आणि लाल अक्षरांत तक्रार उमटते. नवशिक्या बाईला वाटते, आपल्याला जमत नाही. वास्तविक त्या लाल मजकुरात बहुधा ओळीचा क्रमांक लिहिलेला असतो. तेथे किंवा त्याच्या जरा वर पाहिले की चूक सापडते. उलट एचटीएमएलमध्ये खूण मिटायची राहिली तर तक्रारच येत नाही, ब्राउझर आपल्या अंदाजाने काहीतरी दाखवून मोकळा होतो. तेथे डोळ्यांनीच शोधावे लागते. तक्रार वाचता येऊ लागणे, हा शिकण्यातला पहिला मोठा टप्पा समजावा.

मग इतके सगळे फुकट आणि घरात उपलब्ध असता अडते कोठे? २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी आपले वर्ग इंटरनेटवर खुले केले, तेव्हा जगभरातून लाखो लोकांनी नावे नोंदविली. परंतु नाव नोंदविणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत जाणारे थोडे, हाच अनुभव सर्वत्र आला. पडद्यावरची शाळा हजेरी घेत नाही. गैरहजर राहिले तर कोणी विचारीत नाही. ज्याला निवांत खोली आणि स्वतःचा वेळ आहे, त्याचे तरीही निभावते.

आपले काय? दुपारी दोन ते तीन हा तास आपला, असे आपण म्हणतो. त्याच तासात गॅसचा सिलिंडर येतो, कोणाचे पार्सल येते, मुलांची बस येते, सासूबाईंच्या औषधाची वेळ होते. घरातला मुलगा संगणकापुढे बसला की आपण दार हळूच लोटून घेतो. तो अभ्यास करतो आहे म्हणतो. त्याच संगणकापुढे त्याची आई बसली, की ‘बसलीच आहेस तर जरा चहा टाक’, असे सहज म्हटले जाते. ह्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, सवय असते. पण कोड लिहिण्याचे काम असे आहे, की पाच गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात. मध्येच उठले की त्या सुटतात, आणि पुन्हा जुळविण्यात पाव तास जातो. दिवसातून चार वेळा असे झाले की महिन्याभरात बाई म्हणते, ‘माझे वय झाले’. वय झालेले नसते. तिचा तास कोणीतरी नेलेला असतो.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यास सेवासदन उभारले. तेथे प्रौढ स्त्रिया शिकल्या, कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या. त्या संस्थेने त्यांना शिक्षक दिले हे तर खरेच. पण मला वाटते, तितकेच मोलाचे आणखी काही दिले. घराबाहेर जाण्याचे ठिकाण दिले, ठरलेली वेळ दिली आणि बरोबरीच्या चार जणी दिल्या. आज शिक्षक घरात येऊन बसला आहे. ठिकाण, वेळ आणि सोबत ह्या तीन गोष्टी मात्र मागे राहिल्या. त्या देणे आपल्या मंडळाला सहज शक्य आहे, आणि तेच सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

तत्पूर्वी दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली पैशाची. भरमसाट शुल्क घेऊन ‘नोकरीची हमी’ देणारे वर्ग पुष्कळ आहेत. त्यांतले काही चांगलेही असतील. परंतु नाव घालण्यापूर्वी लेखी विचारावे: मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात काय? ‘हमी’ म्हणजे नेमके काय? आणि ‘सोपे हप्ते’ म्हणजे आपल्या नावावर कोणा वित्तसंस्थेचे कर्ज तर नव्हे? तसे असल्यास वर्ग सुटला तरी हप्ता सुटत नाही. तीन महिन्यांत नोकरी लागेल असे मी कोणाला सांगणार नाही. पहिली नोकरी मिळविणे कठीण असते, आणि तेथे प्रमाणपत्रापेक्षा करून दाखविलेले काम अधिक उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत सांगितले तरी ती अर्ज आणि तक्ते तयार करून देते. मग शिकायचे कशाला, असे तरुण मुली विचारतात. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देते. समजा सत्ताविसावी सभासद आपले पान उघडते आणि वर पत्त्याच्या पट्टीत २७ हा आकडा दिसतो. कोणी गंमत म्हणून तेथे २८ लिहिले आणि दुसऱ्या बाईंचा फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख समोर आली, तर? वेब ॲप्लिकेशनमध्ये ही चूक नेहमी आढळते, आणि पडद्यावर सारे सुंदर दिसत असता ती आत दडून राहते. मागणाऱ्या बाईला ते पान पाहण्याचा अधिकार आहे की नाही, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. यंत्राने लिहिले तरी ते तपासले आहे काय, हे ओळखणारी एक तरी जाणती बाई मंडळात हवी. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला; पण कायदा नसता तरी शेजारणीने विश्वासाने दिलेला पत्ता सांभाळणे हा आपला धर्मच आहे.

आता माझी सूचना. दर बुधवारी दुपारी दोन ते चार मंडळाची मागची खोली ह्या अभ्यासासाठी राखून ठेवावी. पाच-सहा जणींनी एकत्र बसावे. इंटरनेटची जोडणी आणि दोन संगणक असले तरी पुरे. जुने चालतील, परंतु नुसत्या फोनवर भागणार नाही, कारण लिहिण्यास कळफलक लागतो. एकीने टंकावे, शेजारी बसलेलीने वाचून चुका दाखवाव्यात आणि अर्ध्या तासाने जागा बदलावी. जिचे इंग्रजी बरे आहे तिने सूचना वाचाव्यात. जिला हिशेबाचे नियम तोंडपाठ आहेत तिने ते सांगावेत. लहान मुले असलेल्या भगिनींसाठी पाळीपाळीने एकीने व्हरांड्यात मुले सांभाळावीत. ह्यावाचून तरुण आया येऊ शकणार नाहीत, म्हणून हे कलम मी महत्त्वाचे मानते.

पहिले काही महिने पडद्याच्या मांडणीत जातील, मग जावास्क्रिप्ट, मग सर्व्हर आणि तक्ते. वर्षअखेरीस वाचनालयाच्या देवघेवीचे छोटे ॲप्लिकेशन उभे करता आले तर उत्तमच. मात्र पुढले एक वर्ष कागदाची वहीही चालू ठेवावी आणि दर महिन्यास दोन्ही ताडून पाहाव्यात. नोंदींची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवण्याची सवयही त्याच वेळी लावावी.

ह्यातून एखादी नोकरीस लागेल, एखादी शेजारच्या डबेवाल्या वहिनींना मागण्या घेण्याचे पान करून देईल, एखादी केवळ नातवाशी बरोबरीने बोलू लागेल. ह्यांतील कोणताही लाभ मी कमी मानीत नाही.

कार्यकारी समितीने खोलीचा विचार करावा आणि ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. आज काही भगिनींचे यजमान व मुलेही येथे आली आहेत. त्यांनाही एक विनंती. बुधवारी दोन ते चार घरी कोणी पाहुणे आले, तर त्यांचा चहा आपण करावा. मंडळाला ह्या कामी आपली एवढीच मदत हवी आहे.